ई-केवायसीच्या नावाखाली खात्यातून 28,500 गेले, ओटीपी नाही काही नाही

इंदूरमधल्या मंडळींनी वाचाच, घरी वयस्कर माणसं असतील त्यांनी तर नक्की. समग्र आयडीचं (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, करायला लोकमान्यनगरजवळच्या एका कियोस्कवर गेले होते. आधार नंबर दिला, बोट ठेवलं. पोरगा म्हणतो, "आंटी, सर्वर डाउन है, फिर से लगाओ." मग "उंगली घिस गई है, दूसरी लगाओ." आणि मधेच सहज विचारल्यासारखं, "खाता कौनसी बैंक में है?"

इथेच!! ई-केवायसीला बँकेचं नाव कशाला? आधारवरून पैसे काढायला मात्र एवढंच लागतं, आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट. ना पिन ना ओटीपी. पण आपल्याकडे जिथे जाल तिथे डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठीचं) लिंक आहे का विचारतातच, त्यात उकाडा, मागे लांबलचक रांग, स्क्रीन त्याच्याकडे वळवलेली, कोणाला शंका येणार सांगा? पावती मागितली तर प्रिंटर खराब.

10,000, परत 10,000 आणि 8,500. खात्याला मोबाइल नंबर मुलाचा, तो पुण्याला, मीटिंगमध्ये. रात्री फोन करून मलाच विचारतो, आई एवढे पैसे कशाला काढलेस?

बँकेत गेले तर, "मैडम, अंगूठा तो आपका ही मैच हुआ है." अहो माझाच आहे, तेच तर सांगतेय! सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचे तेव्हा निदान कागद तरी दिसायचा. एटीएमचा पिन बदलता येतो, बोट कुठून बदलून आणू? पोलीस ठाण्यात म्हणे बँकेचं पत्र आणा, बँक म्हणते आधी एफआयआर आणा, आणि साहेब कायम जेवायला गेलेले. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं सर्क्युलर मुलाने काढून दिलं, त्यात साफ लिहिलंय की चूक ग्राहकाची हे बँकेने सिद्ध करायचं. काउंटरवर दाखवलं तर बाई म्हणाल्या, हे आमच्याकडे आलं नाही.

आधारच्या अधिकृत ॲपवर बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक आजच करा, लागेल तेव्हा थोडा वेळ उघडता येतं. ओटीपीने काम होत असेल तर बोट देऊच नका. खात्याला नंबर स्वतःचा ठेवा. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करा, आणि बँकेला 3 कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी कळवा, तोंडी सांगून परत येऊ नका, कॉपीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या. 30 दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, फी लागत नाही. माझी तिथेच पडून आहे.