गावचा माणूस, महिना चार टक्के

आमचं गाव मालवणकडचं, पण अर्धं गाव मुंबईत. आधी लालबाग-परळच्या चाळींत होतं, आता डोंबिवली-नालासोपाऱ्यात पांगलंय. गावाचं मंडळ आहे, मंडळाची भिशी आहे. मंडळाचे खजिनदार (नाव लिहीत नाही, केस चालू आहे) सगळ्यांचे 'भाऊ'. माझ्या वडिलांना खांदा द्यायला ते पुढे होते. अशा माणसाकडे पावती कुठल्या तोंडाने मागायची?

निवृत्तीचे पैसे आले त्याच आठवड्यात भाऊ घरी. "बँक वर्षाला सात टक्के देता, मी महिन्याक चार देतंय. भायल्यांका सांगू नको, हा फक्त गावच्या माणसांसाठी." हे शेवटचं मला आपुलकीचं वाटलं. ३ लाख दिले. बदल्यात नोटरीचा कागद आणि तारीख न घातलेला चेक. कागदावर शब्द होता 'हातउसने'. व्याज, गुंतवणूक, कशाचा उल्लेख नाही. तो शब्द मी तेव्हा वाचलाही नव्हता.

दर ५ तारखेला १२,००० रुपये रोख यायचे, तेही आहेराच्या पाकिटात, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. एकदा ते पाकीट मी भिशीत सगळ्यांदेखत मिरवलं. ते बघून माझ्या मावसबहिणीने मुलीच्या लग्नासाठीचे २ लाख भाऊंना दिले. भाऊ तिच्या दारात कधी गेलेच नव्हते. त्यांचं काम मीच केलं, तेही फुकट.

अकरा पाकिटं आली, म्हणजे १,३२,०००. बारावं नाही. "गणपती होवंदे, मगे बघूया." फार मागे लागलो तेव्हा त्यांनी आम्हा दोघांच्या चेकवर तारीख घातली, आणि वर, "मी सांगल्याशिवाय टाकू नको." मंडळातले म्हणाले, गावात बभ्रा नको. मी थांबलो, बहिणीलाही थांब म्हटलं. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. मी गेलो पाचव्या महिन्यात. काउंटरवरच्या मुलीने तारखेभोवती पेन्सिलने गोल केला आणि चेक परत सरकवला.

बहिणीने माझं ऐकलं नव्हतं. तिने मुदतीत चेक टाकला, तो परत आला, तीस दिवसांच्या आत वकिलाची नोटीस गेली. चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली तिची केस उभी आहे.

मी आर्थिक गुन्हे शाखेत गेलो. १९९९ च्या एमपीआयडी कायद्यात, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, ठेवी बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, पण त्याआधी ती ठेव होती हे दाखवायला हवं, आणि माझ्या कागदावर हातउसने. साहेबांनी विचारलं, "सेबी, रिझर्व्ह बँक, कुठली नोंदणी बघितली होती?" मी सांगितलं, गावचे आहेत. त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून लोकांना गंडवलं. त्याची बरीच गिऱ्हाइकं त्याच्यासारखीच इटलीहून आलेली. तिथेही कोणीतरी हेच सांगितलं असेल.

तक्रार दिल्याचं कळल्यावर मंडळातून फोन आला, गावाचं नाव घालवलंस म्हणून. मागच्या भिशीचं बोलावणं मला आलं नाही. भाऊंना गेलं होतं.