कोळ्याचं रेशीम: जिवाणूकडून की रेशीमकिड्याकडून?

रेशमासाठी कोळी एकत्र पाळले की एकमेकांनाच खातात. म्हणून त्यांचं रेशमाचं जनुक दुसऱ्या जिवात घालायचं. पण कुणाच्या?

ई. कोलाय जिवाणू टाकीत भराभर वाढतात, जनुकात फेरफार करून पाहणंही सोपं. पण हाती येतं ते नुसतं प्रथिन. ते विरघळवून बारीक छिद्रातून धागा ओढायचा, खरी डोकेदुखी तिथेच. शिवाय तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येणारं लांबलचक जनुक जिवाणूला सहसा झेपत नाही. प्रथिन आखूड निघालं, की धागा कमजोर.

रेशीमकिडा कातूनच देतो, विद्रावकाची कटकट नाही. मात्र तुतीचा पाला, आठवड्यांची वाट आणि बहुतेकदा धाग्यात किड्याच्या स्वतःच्या प्रथिनाची भेसळ आलीच.

धागा, कापड हवं तर माझं मत किड्याला. लेप, जेल किंवा प्रथिनाचे नवनवे प्रकार तपासायचे असतील, तर जिवाणूच.