सांगलीतली मोफत वकील सेवा: आंदोलनातल्या मुलांना कितपत कामाची?

मोर्चातून उचललेल्या कॉलेजच्या मुलासाठी रात्री वकील कुठून आणायचा, याला सरकारी व्यवस्थेचं उत्तर म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि त्याच्या हाताखालचं लोकअभिरक्षक (आरोपीचा मोफत बचाव वकील) कार्यालय. सांगलीत ते जिल्हा न्यायालयाकडे, जत-आटपाडीकडच्यांसाठी तालुका विधी सेवा समिती. फी शून्य. कोर्टाच्या दारापासून पुढे ही सेवा चांगली आहे. पण मारहाण होते ती त्या दाराच्या अलीकडे, आणि तिथे ती आपणहून येत नाही, ओढून आणावी लागते.

पात्रतेचा घोळ आधी मिटवू. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीतल्या कोणालाही वकील मोफत मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. मुलींना, 18 च्या आतल्यांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना तर कोठडीबाहेरही. अडतं ते नोटिशीवर. बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 35(3) ची पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस आली, मुलगा घरीच आहे, म्हणजे तो कोठडीत नाही. मग बाकीच्यांना तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो, मर्यादा वर्षाला 3 लाख. फी सवलतीसाठी दाखला काढताना जास्तीची प्रत ठेवली तर हेलपाटा वाचतो.

पालकांची शंका ठरलेली: सरकारचा वकील, तो पोलिसांचंच ऐकणार. तसं नाही. पोलिसांची बाजू मांडतो तो सरकारी अभियोक्ता. लोकअभिरक्षक पूर्णवेळ पगारी, खाजगी वकिली करायची मुभा नाही आणि काम फक्त आरोपीच्या बचावाचं. रिमांड (कोठडी ठरवणारी कोर्टातली हजेरी), जामीन, चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) ही रोजची कामं असल्याने या टप्प्यावर ते अनेक खाजगी वकिलांपेक्षा तयारीचे असतात. आंदोलकांवर हमखास लागतं ते पोलीस अधिनियमाचं 37 आणि 135 (मनाई आदेश मोडणं), जोडीला बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) 189, म्हणजे बेकायदा जमाव. त्यात सरकारी कामात अडथळ्याचं 132 घातलं की प्रकरण अजामीनपात्र होतं आणि खरी गरज तेव्हा लागते.

आता कोर्टाच्या दाराअलीकडचे तास. 15100 ही हेल्पलाइन मोफत आहे, पण ‘पोरगं पोलिसांनी नेलंय’ एवढ्यावर कोणी हलू शकत नाही. पूर्ण नाव, वय, कुठून आणि किती वाजता उचललं, गाडीचा नंबर, कोणतं ठाणं, एवढं सांगा. सोबत एक मागणी नेमकी करा: बीएनएसएस कलम 38 नुसार चौकशीदरम्यान वकिलाची भेट. पूर्ण चौकशीभर वकील बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. अटकेच्या टप्प्यावर वकील द्यायचा, असा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा 2019 चा आराखडाही आहे. कार्यालय मात्र कोर्टाच्या वेळेनुसार चालतं आणि उचलाउचल रात्री होते. सेवेतली सगळ्यात मोठी खोट हीच.

ठाण्यात ठरलेलं उत्तर मिळतं, ‘अटक नाही, नुसतं चौकशीला बसवलंय.’ हा बसवण्याचा प्रकार सगळ्यात घातक. स्टेशन डायरीत नोंद नाही म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचं 24 तासांचं घड्याळ कागदावर सुरूच होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अटक पंचनाम्यावर सोयीची वेळ पडते. कायद्याने अटक हालचालीवर बंधन आलं तेव्हापासून मोजतात. म्हणून घरच्यांनी त्याच रात्री पोलीस अधीक्षक आणि ठाणे प्रभारींना वेळ लिहून ईमेल करावा, प्रत प्राधिकरणाला. लोकअभिरक्षकाला सकाळी रिमांडला हाच कागद कामाला येतो. नोंदीचं महत्त्व सांगलीला वेगळं सांगायला नको: नोव्हेंबर 2017 मध्ये लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण शहर पोलिसांच्या कोठडीत मेला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला आणि बाहेर सांगितलं की तो पळाला.

मुलगा 18 च्या आतला असेल, आणि अकरावी-बारावीची मुलं मोर्चात असतातच, तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. दहावीचं प्रमाणपत्र फोनमध्ये ठेवा, वयाचा पहिला पुरावा तोच.

अटकेची कारणं लेखी, मुलाला समजणाऱ्या भाषेत आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये मिहिर शहा प्रकरणात स्पष्ट केलं. लोकअभिरक्षकाने पहिला मुद्दा हाच घ्यावा, असा आग्रह धरा.

वैद्यकीय तपासणी हा सेवेचा दुसरा कच्चा दुवा. सिव्हिलला पोलीस शेजारी उभा असताना ‘काही त्रास?’ विचारलं की मुलगा मान हलवतो आणि कागदावर येतं, बाह्य जखम नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अंगावरच्या जखमांची नोंद अटकेवेळीच मागता येते, तिच्यावर आरोपी आणि पोलीस दोघांच्या सह्या होतात, प्रत आरोपीला मिळते आणि कोठडीत दर 48 तासांनी तपासणी लागते. डॉक्टरला जागा, बाजू, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी आणि रंग लिहायला सांगायचं. लाठीचा वळ ओळखता येतो: दोन समांतर लाल रेघा, मध्ये फिकट पट्टा. तळपायावरचा मार कातडीवर फारसा दिसत नाही, म्हणून चालताना दुखतं आणि सूज आहे हेही लिहून घ्यायचं.

मॅजिस्ट्रेटपुढे बोलणं तर सगळ्यात महत्त्वाचं. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मेला. मॅजिस्ट्रेटपुढे त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं, आणि जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला लावला. त्यामुळे रिमांडआधी व्हरांड्यात मिळणाऱ्या दोन-चार मिनिटांत वकिलाला जामिनाआधी मार सांगा. वकिलाने तो मार त्याच रिमांडच्या आदेशात नोंदवून घ्यायला हवा आणि फेरतपासणी मागायला हवी. पीसीआर (पोलीस कोठडी) ऐवजी एमसीआर (न्यायालयीन कोठडी) मिळाला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि ही मागणी राहून जाते.

लोकअभिरक्षक काय करत नाही तेही माहीत हवं. मारणाऱ्या पोलिसाविरुद्धची तक्रार त्याच्या कामात बसत नाही, कारण तिथे मुलगा आरोपी नसून फिर्यादी असतो. त्यासाठी प्राधिकरणाकडे पॅनेलवरच्या वकिलाचा वेगळा अर्ज करावा लागतो. कबुलीसाठी मारणं हे बीएनएस कलम 120. मानवाधिकार आयोगाकडे जायला मुदत घटनेपासून एक वर्ष. ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवायचा अर्ज मात्र लगेच, कॅमेऱ्याची जागा आणि तासांसह. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालाने 18 महिन्यांचं रेकॉर्डिंग सांगितलंय, पण ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर लवकर मागितलं तरच तपासता येतं.

रेटिंग: रिमांड आणि जामिनासाठी पाचपैकी चार, पहिल्या रात्रीसाठी दीड. मुलगा कुठे आहे हेच कळत नसेल तर इथे वेळ घालवू नका. हेबियस कॉर्पससाठी (माणसाला कोर्टापुढे हजर करा, अशी याचिका) ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.