व्हरमाँटमध्ये १९ महिने: आधी चिखलाचं बोलू

व्हरमाँट म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं छोटंसं राज्य. गेल्या आठवड्यात इथल्या गॅरेजवाल्याशी भांडून आले आणि त्याच रागात हे लिहायला घेतलं होतं. मग चार दिवस थांबले, म्हणून आता जरा धड लिहिता येतंय.

झालं असं की हायवेवर गाडी ताशी पंचावन्न मैलांच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. गॅरेजमध्ये नेली. त्यांनी अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकांची दिशा जुळवली, १३० डॉलर घेतले. थरथर तशीच. परत नेली तर नुसत्या तपासणीचे ८० घेतले आणि चारही टायर बदला म्हणाले. त्या संध्याकाळी शेजारचे आजोबा अंडी द्यायला आले होते. ऐंशीच्या घरातले, जन्म गाई सांभाळण्यात गेलेला. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "रिमच्या आतला चिखल काढलास का?"

मी अंगणात पालथी पडून चाकाच्या आतल्या बाजूने हात घातला. चिखल वाळून दगड झालेला, तोही एकाच अंगाला चार बोटं जाड चिकटलेला. चाक एका बाजूला जड झाल्यावर ते फिरताना थरथरणारच. स्वयंपाकघरातलं जुनं लोखंडी उलथनं आणलं, चारही चाकं आतून खरवडली, वर पाइपने पाणी मारलं. घमेलंभर माती निघाली. दुसऱ्या दिवशी पासष्टला गाडी अगदी गप्प. म्हणजे २१० डॉलर फुकट गेले. गॅरेजवाल्याने पैसे परत दिले नाहीत. जिथले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत, तिथे गॅरेज चालवणाऱ्याला आधी चाकात डोकावून बघावंसं वाटू नये, याचा राग मला अजून आहे.

बाकीची माहिती तुम्हाला असेलच. बर्फ, थंडी, ऑक्टोबरातली लाल-पिवळी पानं, यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला सात वर्षं काढून इथे आलो. नवऱ्याला इथल्या एका छोट्या रुग्णालयात नोकरी लागली, माझं काम घरूनच चालतं. मॉन्टपेलियरपासून वीस मैलांवर, टेकडीवर जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं. मॉन्टपेलियर ही राज्याची राजधानी, वस्ती जेमतेम आठ हजार. अख्ख्या राज्यात माणसं साडेसहा लाखांच्या आत. आमच्या कोल्हापूर शहराहून थोडीच जास्त. घर घ्यायच्या आधी आम्ही इंटरनेटचा वेग विचारला, छप्पर विचारलं, शाळा विचारली. रस्त्याचं एका शब्दाने विचारलं नाही.

इथे हिवाळा आणि वसंताच्या मध्ये आणखी एक ऋतू आहे, त्याला सगळे 'मड सीझन' म्हणतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत, कधी मे उजाडेपर्यंत. मी पन्हाळ्याच्या बाजूची, घरची भातशेती, चिखलणीत गुडघाभर उभी राहिलेली बाई. चिखलाची मला कधी भीती वाटली नव्हती. पण हा चिखल वेगळा. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारतात, म्हणून त्या जमिनीवर पांघरूण राहत नाही आणि ती चार-चार फूट खोल गोठते. शेतात बर्फाची दुलई असते, तिथे गोठण एवढी खोल जात नाही. मार्चमध्ये ऊन लागलं की रस्ता वरून वितळायला लागतो. वरची हातभर माती सुटते, खाली मात्र अजून दगडासारखा गोठलेला थर. पाणी मुरणार कुठे? ते वरच्या मातीतच राहतं आणि रस्त्याची खीर होते. आमच्याकडे पावसाने उघडीप दिली की दोन दिवसांत पाऊलवाट सुकते. इथे ऊन जितकं कडक पडेल तितका रस्ता बिघडतो. ऊन पडलं की मन खट्टू व्हायची वेळ माझ्यावर इथेच आली.

पहिल्या वर्षी न्यू जर्सीतली सेडान तशीच वापरत होतो. २९ मार्चला दुपारी दोन वाजता वळणावर गाडी चाकोरीत घसरली आणि पोटावर बसली. चाकोरी हा शब्द आपण इतकी वर्षं शाळा-नोकरीबद्दल बोलताना वापरतो. खरी चाकोरी मी त्या दिवशी पाहिली, वीतभराहून खोल, दोन्ही बाजूंना मातीचे बांध. मी घाबरून अॅक्सिलरेटर दाबला, त्याने ती आणखी रुतली. टो करणाऱ्याने २७५ डॉलर घेतले, खालचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलं त्याचे वेगळे. शाळेची बस त्या महिन्यात वर येत नाही, मुलीला रोज डांबरी रस्त्यापर्यंत सोडायचं. जड ट्रकना कच्च्या रस्त्यांवर बंदीचे फलक लागतात, म्हणून घर गरम ठेवायच्या तेलाची टाकी फेब्रुवारीतच भरून घ्यायची, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटचे नऊ दिवस आम्ही लाकडाच्या शेगडीवर काढले. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी या राज्याला पाचात दोनच गुण दिले असते आणि जूनमध्ये घर सोडलं असतं.

आता मत का बदललं ते सांगते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आजोबांनी रात्री बोलावलं. त्यांच्या घरामागे लाकडी शेड आहे, छपरातून वाफेचे लोट निघत होते. आत पाऊल टाकलं आणि माझे पाय थबकले. ते गुऱ्हाळ होतं. उसाचं नव्हे, मेपलच्या झाडांचं. रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, या खेळावर झाडातून रस वाहतो. म्हणजे ज्या हवेने माझी गाडी रुतवली, त्याच हवेवर हे सगळं चालतं. रात्री थंड राहिल्या नाहीत तर रस थांबतो, कळ्या फुटल्या की त्याची चव बिघडते. जेमतेम चार-सहा आठवड्यांचा हंगाम, आणि अमेरिकेतल्या मेपल सिरपपैकी जवळपास निम्मं या एवढ्याशा राज्यात होतं.

आजोबांनी मला कच्चा रस प्यायला दिला. निव्वळ पाणी, शेवटच्या घोटाला कुठे तरी गोडवा. साखर जेमतेम दोन टक्के. चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन सिरप हाती लागतं. मी बाबांना फोन लावला. आमच्याकडे रात्रीचे आठ, त्यांच्याकडे पहाटेचे साडेपाच. आमचं गुऱ्हाळ बंद होऊन बारा वर्षं झाली, पण बाबांनी फोनच्या पडद्यावर ती लांबट, कप्प्याकप्प्यांची काहील पाहिली आणि उठून बसले. "चाळीस घागरीला एक? मग जळण किती लागत असेल रे देवा." मग विचारलं, मळी कशाने काढतात, भेंडी घालतात का? मी आजोबांना विचारलं. भेंडी नाही, फेस वर आला की ते लोण्याचा एक खडा टाकतात. माझ्यासमोर टाकला. काठोकाठ आलेला फेस झपकन खाली बसला. बाबा तिकडून हसले. पुढचा अर्धा तास दोघे एकमेकांशी बोलत होते आणि मी मधे भाषांतर करत होते. पाण्याच्या उकळीपेक्षा सात अंश फॅरनहाइट वर गेलं की सिरप झालं, हे बाबांनी वहीत लिहून घेतलं. आमचा गुळव्या हे सगळं नुसत्या बोटाने ओळखायचा.

गरम सिरप ताज्या बर्फावर ओततात, त्याची चिक्कीसारखी तार होते, आणि ती खातात डोनट आणि आंबट काकडीच्या लोणच्याबरोबर. करून बघा. काकडीने जीभ साफ होते आणि पुन्हा गोड खाता येतं.

त्या रात्रीनंतर मी रस्ता शिकायचं ठरवलं. चाकोरीत चाक घालायचं नाही, दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर ठेवायचं. ब्रेक लावायचा नाही, वेग एकसारखा. बाजारहाट पहाटे उरकायचा, तोवर रस्ता गोठून टणक असतो, दहानंतर घरी बसायचं. सेडान विकली, जुनी उंच सुबारू घेतली. दुसऱ्या हंगामात मी एकदाही रुतले नाही. फक्त चाकं आतून धुवायची राहिली, त्याचे २१० डॉलर वर लिहिलेच आहेत.

दुसरी गोष्ट टाउन मीटिंगची. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव सभा भरतात आणि गावचा खर्च लोक स्वतः मंजूर करतात. लहानपणी मी बाबांबरोबर २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जायचे. कोरम नाही म्हणून ती तहकूब व्हायची आणि चहा पिऊन सगळे घरी. इथे शाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं सकाळपासून बसली होती. रस्ता सपाट करायचा नवा ग्रेडर घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा, यावर सव्वा तास बोलणं झालं. कोणी आवाज चढवला नाही. दुपारी प्रत्येकाने घरून आणलेलं जेवण. मी भडंग नेलं होतं, भलं मोठं पातेलं. एका तासात संपलं.

आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, मत देता येत नाही. पण यंदा मी बोलायची परवानगी मागितली. सभा चालवणाऱ्या बाईंनी लोकांना विचारलं आणि हॉलभर हात वर झाले. माझे हात कापत होते. मी सांगितलं की वळणावरची मोरी अरुंद आहे, ती बर्फाने तुंबते, उतारावरचं सगळं पाणी रस्त्यावर येतं आणि म्हणून तिथला चिखल इतर ठिकाणांहून तीन आठवडे जास्त टिकतो. मी तारखांसकट लिहून नेलं होतं. पुढच्या आठवड्यात गावाच्या रस्तेविभागाचा प्रमुख स्वतः टेप घेऊन आला. सात वर्षं एडिसनला राहिले, तिथल्या एका खड्ड्याबद्दलही कोणाला सांगावं हे मला माहीत नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. डॉक्टरची पहिली भेट मिळायला आम्हाला साडेचार महिने लागले, आणि घरात आजारी माणूस असेल तर यावरूनच निर्णय घ्या. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी मला ते सोसलं नाही, मी रोज संध्याकाळी रडायचे. दुसऱ्या वर्षी दुपारी एक तास बाहेर चालायचा नेम केला, तेव्हा निभावलं. कढीपत्ता, कुरमुरे, मेथी बर्लिंग्टनच्या बाजूला नेपाळी लोकांच्या दुकानांत मिळते, सव्वा तासावर. मराठी बोलायला माणूस नाही, गणपतीला तीन तास गाडी हाकून बॉस्टनला जातो. भाडं एडिसनपेक्षा हजार डॉलर कमी, पण त्यातले चारशे तरी तेल, लाकूड आणि गाडीत जातात, आणि घर शोधायलाच पाच महिने लागले. रस्त्याच्या कडेला जाहिरातींचे फलक कुठेही नाहीत. १९६८ च्या कायद्याने बंदी आहे. वर्षभराने न्यू जर्सीला गेले तेव्हा त्या फलकांनी माझं डोकं दुखलं.

घर बघायला येणार असाल तर एप्रिलमध्ये या, ऑक्टोबरात नको. आणि रस्ता कोणत्या वर्गात मोडतो ते गावाच्या कचेरीत विचारा. चौथ्या वर्गाचा असेल तर हिवाळ्यात त्याची देखभाल करायचं बंधन गावावर नसतं.

आम्ही भाडेकरार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला. मोठ्या मोरीचा खर्च पुढच्या सभेत मताला येणार आहे. मार्चच्या त्या मंगळवारची सुट्टी मी आत्ताच टाकून ठेवली आहे, आणि भडंगाला या वेळी कुरमुरे दुप्पट आणणार आहे.