‘उत्तर द्या’चं बटण नसलेली चर्चा: गर्भपातासारख्या विषयासाठी पोल.इस कितपत कामाचं?

गर्भपाताच्या हक्कावर ऑनलाइन चर्चा उघडली की चौथ्या-पाचव्या उत्तराला ती ‘खुनी’ आणि ‘बायकांचे शत्रू’ या शब्दांवर येते. यात माणसांच्या स्वभावाचा वाटा आहे, तसा चर्चेच्या पानाच्या रचनेचाही आहे. प्रत्येक मताखाली ‘उत्तर द्या’ असं बटण असतं, जास्त उत्तरं आलेलं मत वर चढतं आणि सगळ्यात जास्त उत्तरं येतात ती डिवचणाऱ्या मताला. पोल.इस (Pol.is) या लोकांची मतं गोळा करणाऱ्या ऑनलाइन साधनात ते बटणच ठेवलेलं नाही. त्याची सगळी ताकद या एका निर्णयात आहे आणि बऱ्याचशा मर्यादाही तिथूनच येतात.

(नावाचा पोलीस खात्याशी संबंध नाही, ‘पोलिस’ म्हणजे ग्रीक भाषेत नगर.) २०१२ मध्ये सिएटलमध्ये कॉलिन मेगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम सुरू केलं. आता ते कॉम्प्युटेशनल डेमोक्रसी प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था सांभाळते. सोर्स कोड एजीपीएल परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. तैवानमध्ये २०१५ साली व्ही-तैवान या उपक्रमात उबरच्या नियमांवर याच साधनातून लोकांची मतं घेतली गेली आणि तेव्हापासून याचं नाव झालं.

भाग घेणाऱ्याला समोर एका वेळी एकच विधान दिसतं. खाली तीन बटणं: सहमत, असहमत, पास. एकावर बोट ठेवलं की पुढचं विधान येतं. आपलं वेगळं म्हणणं असेल तर खालच्या चौकटीत नवं विधान लिहायचं, ते इतरांपुढे मतासाठी जातं. कुणाचं खोडून काढायची सोयच नाही. ज्याला राग आला त्याने एक तर ‘असहमत’ दाबावं, नाहीतर स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडावं. बहुतेक जण पहिलं करतात आणि पुढे जातात. दहा-पंधरा विधानांवर मत द्यायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून वादात कधीच न पडणारी माणसंही इथे टिकतात. उत्तरं-प्रत्युत्तरांच्या पानावर हीच माणसं आधी पळून जातात. माझ्या मते इतर कुठल्याही साधनापेक्षा पोल.इस इथे सरस आहे.

चर्चा उभी करणं तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं. खातं उघडा, विषय आणि दोन ओळींची माहिती लिहा, सुरुवातीची विधानं टाका, दुवा पाठवा. आपल्या संकेतस्थळावर बसवायचं असेल तर कोडचा छोटा तुकडा चिकटवला की झालं. पण गर्भपातासारख्या विषयात खरी मेहनत सुरुवातीच्या विधानांत आहे आणि चर्चा बिघडते तीही तिथेच.

सुरुवातीला दहा ते पंधरा विधानं हवीत. त्याहून कमी असली तर पहिले येणारे लोक दोन मिनिटांत मोकळे होतात आणि परत येत नाहीत. फार जास्त असली तर लोकांची स्वतःची विधानं त्या गर्दीत बुडतात. प्रत्येक विधानात एकच गोष्ट हवी. हे उदाहरण बघा: ‘बाईला गर्भपाताचा हक्क असावा, पण उशिरा केलेला गर्भपात चुकीचा आहे.’ वाचायला समतोल वाटतं, पण त्याने नकाशा (सारखी मतं देणारी माणसं जवळजवळ दाखवणारं चित्र) नासतो. गर्भपाताला पूर्ण विरोध असणारा पहिल्या अर्ध्यामुळे ‘असहमत’ म्हणेल, तर पूर्ण पाठिंबा असणारा दुसऱ्या अर्ध्यामुळे. संगणकाला दोघांचंही सारखंच ‘असहमत’ दिसतं. परस्परविरोधी टोकांची माणसं नकाशावर एकमेकांकडे ओढली जातात आणि अहवाल वाचणाऱ्याला वाटतं, यांच्यात काहीतरी समान सापडलं.

तेच विधान फोडून लिहिलं की चित्र उघडतं. ‘आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी असावी.’ ‘पहिल्या १२ आठवड्यांत कारण न सांगता गर्भपात करता यावा.’ ‘बलात्कारातून गर्भ राहिला असेल तर पोलिसांत तक्रार केलेली असण्याची अट असावी.’ ‘सदसद्विवेकाचं कारण देऊन नकार देणाऱ्या डॉक्टरवर दुसरा डॉक्टर सुचवण्याचं बंधन असावं.’ ‘बेकायदा गर्भपात करून घेणाऱ्या बाईला शिक्षा व्हावी.’ आठवडे, कारण, निर्णय कोणाचा, डॉक्टरचा नकार, खर्च कोणी करायचा, शिक्षा कोणाला, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. एरवी ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ या दोन डब्यांत ते कोंबले जातात. माणसं मात्र प्रत्येक प्रश्नावर वेगळी विभागली जातात आणि या साधनाने दाखवायचं असतं ते हेच.

नकारार्थी विधान शक्यतो टाळा. ‘शिक्षा होऊ नये’ या विधानाशी असहमत होताना मोबाईलवर भरभर मत देणारा गोंधळतो आणि नेमकं उलटं बटण दाबतो. दुसरा मोह गुळगुळीत विधानांचा. ‘गर्भवती बाईला सन्मानाची वागणूक मिळावी’ हे वाक्य प्रत्येक गटात वर येईल, अहवालाच्या पहिल्या पानावर ‘सर्वसहमती’ म्हणून झळकेल आणि त्यावरून कुणालाही काही ठरवता येणार नाही. विधान टाकण्याआधी एवढंच विचारा: एखादा सज्जन, विचारी माणूस याच्याशी असहमत होऊ शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते विधान नको. शिवाय प्रत्येक बाजूची विधानं त्या बाजूच्या पक्क्या माणसाला आधी वाचायला द्या. ‘हो, हे आमचंच म्हणणं आहे’ असं त्याने म्हणेपर्यंत शब्द बदलत राहा. ‘गर्भ’ म्हणायचं की ‘न जन्मलेलं बाळ’, एवढ्यावरूनही एक बाजू समजते की हा डाव आपल्याविरुद्ध रचलाय.

विधानाच्या लांबीवर मर्यादा आहे, मूळची १४० अक्षरांची. देवनागरीत हे जास्त जाचतं, कारण संगणक काना, मात्रा आणि हलन्त सुटे मोजतो. ‘गर्भपात’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो सात भरतो. आणि टाकलेलं विधान नंतर दुरुस्त करता येत नाही. चूक सापडली तर ते नाकारून नवं टाकावं लागतं आणि तोवर पडलेली मतं वाया जातात. म्हणून सगळी विधानं आधी साध्या मजकुराच्या फायलीत लिहून दोघांनी तपासावीत.

मॉडरेशनमध्ये, म्हणजे आलेली विधानं चाळण्यात, दोन पद्धती आहेत: विधान लगेच दिसतं आणि नको असेल तर नंतर काढता येतं, किंवा मंजूर केल्याशिवाय दिसतच नाही. या विषयाला दुसरीच लावा. मात्र मग मंजुरी तुंबता कामा नये. उशिरा मंजूर झालेल्या विधानाला मतं कमी पडतात, कारण तोवर निम्मे लोक येऊन गेलेले असतात. नव्या आणि कमी मतांच्या विधानांना साधन स्वतःहून थोडं पुढे ढकलतं, तरी गेलेली माणसं त्याला परत आणता येत नाहीत. पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ रांग रिकामी करायला माणूस नेमलेला हवा.

काय नाकारायचं? तेच ते पुन्हा, विषयाबाहेरचं, दोन मुद्दे एकत्र बांधलेलं आणि माणसांवर चिखलफेक करणारं. कडक मत मात्र नाकारू नका. ‘गर्भपात म्हणजे खून आहे’ हे कितीही बोचलं तरी कृतीबद्दलचं मत आहे आणि ते मनापासून मानणारे पुष्कळ आहेत. ते गाळलं तर ती बाजू उठून जाईल आणि उरलेल्यांच्या एकमताला काही किंमत राहणार नाही. ‘गर्भपात करणाऱ्या बायका खुनी आहेत’ हे माणसांबद्दल आहे, ते गाळा. हा नियम चर्चेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारखाच लावा.

आता नकाशा. सहमतला अधिक एक, असहमतला उणे एक, पासला शून्य, असा मोठा तक्ता तयार होतो. माणसं आडव्या ओळीत, विधानं उभ्या रकान्यात. ज्या विधानावर मत दिलेलंच नाही तिथे त्या रकान्याची सरासरी भरली जाते. मग प्रिन्सिपल कंपोनंट ॲनालिसिस या गणिती पद्धतीने तो तक्ता दोन मितींच्या नकाशावर आणला जातो आणि के-मीन्स या जवळची माणसं एकत्र धरणाऱ्या पद्धतीने दोन ते पाच गट पडतात. गटांत धरलं जाण्यासाठी माणसाने निदान सात विधानांवर मत दिलेलं लागतं. तिसऱ्या विधानाला कंटाळलेली माणसं मतमोजणीत असतात पण गटांत नसतात, म्हणून सुरुवातीचीच विधानं क्लिष्ट ठेवली तर मोठा तोटा होतो.

सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे गटनिहाय सहमती, आणि अहवाल वाचताना नेमकं याच्याकडेच दुर्लक्ष होतं. समजा शंभर माणसं आहेत, एका गटात ९०, दुसऱ्यात १०. पहिल्या विधानाला मोठ्या गटातले ६० आणि छोट्यातला १ जण सहमत, म्हणजे एकूण ६१. दुसऱ्याला मोठ्यातले ५४ आणि छोट्यातले ६, एकूण ६०. साध्या मोजणीत पहिलं विधान जिंकलं. पोल.इस मात्र प्रत्येक गटातल्या सहमतीचं प्रमाण काढतं (सहमत अधिक एक, भागिले मतदार अधिक दोन) आणि सगळ्या गटांच्या प्रमाणांचा गुणाकार करतं. पहिल्याचा गुणाकार येतो सुमारे ०.११, दुसऱ्याचा सुमारे ०.३५. एका मताने मागे असलेलं विधान इथे तिपटीने पुढे गेलं, कारण ते दोन्ही गटांना पटलं आहे. संख्येच्या जोरावर छोट्या गटाला दाबता येत नाही. ज्या विषयात अल्पमतातल्या माणसाला आपलं म्हणणं जिवाइतकं महत्त्वाचं वाटतं, तिथे ही मोजणी साध्या बहुमतापेक्षा न्याय्य आहे.

‘पास’कडेही नीट बघा. त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात: माहीत नाही, सांगायचं नाही, आणि विधानच समजलं नाही. वैद्यकीय शब्द असलेल्या विधानावर पास भराभर वाढू लागले तर आधी विधानालाच दोष द्या.

या साधनाची सर्वांत मोठी दुखरी जागा म्हणजे आलं कोण, हे त्याला कळत नाही. दुवा एकाच बाजूच्या व्हॉट्सॲप गटांत फिरला तर नकाशा त्या बाजूच्या आतलेच सौम्य आणि कडवे असे दोन गट दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं, हेच समाजाचे दोन तट. यावर गणितात उपाय नाही, बोलावण्यात आहे: दोन्ही बाजूंच्या संस्थांना एकाच दिवशी दुवा द्या आणि गटांचे आकडे रोज बघा. लॉगिन सक्तीचं केलं तर बनावट मतं घटतात, पण गर्भपातावर आपल्या ओळखीच्या खात्यातून मत द्यायला लोक धजावत नाहीत. त्यापेक्षा आपल्या संकेतस्थळावर चर्चा बसवून प्रत्येकाला निनावी क्रमांक देण्याची सोय वापरा.

किआलो हे दुसरं साधन बरेच जण सुचवतात. तिथे एका मूळ विधानाखाली बाजूच्या आणि विरोधाच्या मुद्द्यांचं झाड वाढतं. अभ्यासाला, वर्गात शिकवायला ते उत्तम आहे. पण मुद्देसूद लिहिता येणारेच तिथे टिकतात. एक्सवरच्या कम्युनिटी नोट्स (२०२१ मध्ये बर्डवॉच नावाने सुरू झालेल्या) पोल.इसच्याच जातकुळीतल्या आहेत: एरवी ज्यांचं जमत नाही अशा लोकांनीही उपयुक्त म्हटलं तरच पोस्टखाली टीप दिसते. चुकीची माहिती दुरुस्त करायला त्यांचा उपयोग होतो, मूल्यांचा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

आणि पोल.इस मतं दाखवतं, मतं घडवत नाही. आयर्लंडच्या सिटिझन्स असेंब्लीत ९९ नागरिक आणि अध्यक्ष न्या. मेरी लाफॉय यांनी २०१६-१७ मध्ये पाच शनिवार-रविवार याच विषयाला दिले, डॉक्टरांना, वकिलांना आणि दोन्ही बाजूंच्या संघटनांना ऐकलं, आणि मग मतदान केलं. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी गर्भपातावर जवळपास बंदी घालणारी आठवी घटनादुरुस्ती हटवण्याचा कौल दिला. तसं समोरासमोर बसणं मोबाईलवरच्या पाच मिनिटांत होणार नाही. अशा बैठकीआधी कोणते प्रश्न खरोखर वादाचे आहेत आणि कोणते फक्त आवाजामुळे तसे वाटतात, हे शोधायला मात्र पोल.इसच घ्यावं.

चर्चा दोन ते चार आठवडे चालवा, नवी विधानं येणं थांबलं की बंद करा आणि मतांच्या तक्त्याच्या सीएसव्ही फायली लगेच उतरवून घ्या. त्या जाहीर करण्याआधी एक तपासणी नक्की करा: ‘मी स्वतः गर्भपात केला आहे’ अशी स्वतःबद्दलची विधानं कुणी टाकली असतील तर ती मंजूर करू नका, आणि आधीच मंजूर झाली असतील तर त्यांचा रकाना काढून टाका. चाळीस माणसांच्या चर्चेत नावं नसली तरी मतांच्या ओळीवरून शेजारचा माणूस ओळखता येतो.