‘तीन सिलिंडर आहे, हलणारच’ : सोलापुरात जुनी गाडी घेताना आमची झालेली फसवणूक

आम्हाला ज्या वाक्याने गंडवलं ते वाक्य खरं आहे, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. "मॅडम, थ्री सिलिंडर गाडी हाय, हलणारच की वो." शहरातल्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याने हे सांगितलं तेव्हा त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. गाडी तीन सिलिंडरचीच होती आणि तीन सिलिंडरचं इंजिन हलतंच. त्या खऱ्या वाक्याच्या आड त्याने इंजिनातला जळालेला व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, लपवला होता.

आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या, उन्हाळ्यात रिक्षातून नेणं तिला झेपेना, म्हणून आम्ही भावंडांनी मिळून एक लहान पेट्रोल हॅचबॅक बघितली. एमएच-13 पासिंग, पांढरी, टायर बरे, रंग चांगला. "सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच फिरलीय." मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष कंपनीचा नाही, हेच इंजिन असलेल्या गाड्या आमच्या जुळे सोलापुरात गल्लोगल्ली कुरकुर न करता पळताहेत. इसार दिला, ठरल्याप्रमाणे 2 लाख 85 हजार मोजले, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. दुकानदाराने स्टँपवर एक ओळ टाकली होती, ‘वाहन आहे त्या स्थितीत पाहून, तपासून घेतले आहे’. सगळेच टाकतात, असं तो म्हणाला.

आता ते हलणं नेमकं काय असतं ते सांगते. हे आम्हाला गाडी घेतल्यानंतर मिस्त्रींनी नीट समजावलं आणि माझ्या मते गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ते आधीच समजून घ्यावं.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा जोर लावतो. चार सिलिंडर असले की दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो; एकाचा जोर संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. तीन सिलिंडरमध्ये धक्के 240 अंशांच्या अंतराने येतात, मध्ये थोडी पोकळी राहते. शिवाय तीन पिस्टन एका ओळीत वर-खाली होताना इंजिनाची दोन टोकं आळीपाळीने उचलली जातात, म्हणजे इंजिन जागच्या जागी डुलतं. ते डुलणं इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं त्या फाउंडेशनच्या रबरांनी गिळायचं असतं. म्हणून उभ्या गाडीत स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते, गिअरची दांडी किंचित नाचते. यात बिघाड काहीच नाही. 1983 साली आलेल्या मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचंच होतं. त्या इंजिनाने लाखो घरांना पहिली गाडी दिली. टाटांच्या नॅनोत तर 624 सीसीचे दोनच सिलिंडर होते. उलट 1998 मध्ये आलेल्या सँट्रोला लहान गाडी असून चार होते, म्हणून ती उभी असताना शांत वाटायची. आणि आता 2024 च्या नव्या स्विफ्टमध्ये कंपनीने चारावरून तीनवर येणं पसंत केलं, कारण सिलिंडर कमी म्हणजे घर्षण कमी, वजन कमी, ॲव्हरेज जास्त. म्हणजे थरथर आहे म्हणून इंजिन कच्चं, असं मुळीच नाही.

मग खोट कुठे ओळखायची? थरथर किती आहे यावर जाऊ नका. ती एकसारखी आहे का ते बघा. गाडी उभी असताना इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला 900 फेऱ्यांनी फिरत असेल तर तीन सिलिंडर मिळून मिनिटाला 1350 धक्के देतात. इतके भराभर आणि समान अंतराने आले की हाताला गुणगुण लागते. त्यातला एक सिलिंडर मेला की मिनिटाला 450 रिकाम्या जागा पडतात, सेकंदाला सात-आठ. ती थरथर राहत नाही, ती लंगड असते, थड-थड-गप, थड-थड-गप. सीट हलते, आरसा हलतो, डॅशबोर्डावर ठेवलेली किल्ली सरकते. आणि चारांतला एक गेला तर पाव ताकद जाते, तीनातला एक गेला तर तिसरा हिस्सा जातो. लहान इंजिनाला ते परवडत नाही.

आमच्या घरात हे आधी अप्पांनी पकडलं. अप्पांचं आयुष्य शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेलं. एका शेडमध्ये माग धडधडत असताना त्यातला एक चुकला तर पाठ फिरवूनही त्यांना कळायचं. गाडी दारात आली, भावाने ती चालू ठेवली आणि एसी बंद केला. अप्पा बॉनेटवर तळहात टेकून उभे राहिले, डोळे मिटून. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिचा ताल तुटतोय रे. तिसऱ्याला गप बसतीय." भाऊ म्हणाला, तीन सिलिंडरची असतेच तशी. अप्पांनी मान हलवली. "हलू दे की. पण सारखी हलू दे."

त्याच आठवड्यात तुळजापूरला निघालो. सपाट रस्त्यावर गाडी बरी पळाली. बालाघाटाच्या चढाला लागलो तशी दुसऱ्या गिअरलाही ओढेना, आणि मीटरमधला पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा लुकलुकतो तेव्हा बहुधा मिसफायर चालू असतो. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याला भाजतं. कन्व्हर्टर हा महागडा भाग आहे, म्हणून लुकलुकत्या दिव्यावर गाडी रेटू नका. आम्ही चढावरूनच वळवून हळूहळू परत आणली.

आमचे ओळखीचे मिस्त्री अक्कलकोट रोडला बसतात. त्यांनी काय केलं ते लिहिते, कारण हे तुम्ही कुठल्याही गॅरेजमध्ये करून मागू शकता आणि त्याला फार वेळ लागत नाही. इंजिन आयडलिंगला ठेवून त्यांनी प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या एकेका कॉइलचं सॉकेट काढून परत लावलं. पहिल्याचं काढलं, इंजिन अडखळून बंद पडायला आलं. तिसऱ्याचं काढलं, तेच. मधल्याचं काढलं, काहीच फरक नाही. जो सिलिंडर काम करत असतो त्याची वीज तोडली की इंजिनाला समजतं. जो मेलेलाच आहे त्याची तोडली काय न तोडली काय. मग प्लग काढून कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावलं. कडेच्या दोघांचं 170 च्या आसपास, मधल्याचं 95. मधल्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघितलं, काटा जवळपास तिथेच. "रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं प्रेशर वाढलं असतं. हा व्हॉल्व्ह हाय," ते म्हणाले. नंतर प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा दिली आणि मला सायलेन्सरच्या तोंडाशी कान न्यायला सांगितला. सुस्स असा आवाज स्पष्ट येत होता. बंद असायला हवा तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, बसतच नव्हता. पुढे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्यावर तो हातात घेऊन बघितला. गोल कडेचा नखाएवढा भाग जळून उडालेला, काठ पांढरा पडलेला.

इथपर्यंत कुणी म्हणेल, जुनी गाडी आहे, व्हॉल्व्ह कधीही जळू शकतो, दुकानदाराला काय माहीत? मिस्त्रींनी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा त्याचंही उत्तर मिळालं. कोड आला पी-0302, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. बऱ्याच गाड्यांच्या स्कॅनरमध्ये आणखी एक आकडा दिसतो, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. आमच्याकडे तो आकडा ताबा घेतल्यापासून आम्ही जेवढी चालवली जवळपास तेवढाच होता. म्हणजे आमच्या हातात किल्ली देण्याच्या तोंडावर कुणीतरी स्कॅनर लावून कोड पुसले होते. ज्याला दोष ठाऊकच नाही तो कोड कशाला पुसेल? या आकड्याचा फोटो आमच्याजवळ आहे आणि सगळ्या प्रकरणात मला तोच सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

व्हॉल्व्ह का जळला तेही डिकीत सापडलं. स्टेपनीकडची चटई उचलली तर पत्र्याला चार भोकं, पुटीने बुजवून वर रंग फासलेला. बॉनेटखाली फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, कापून टेप गुंडाळलेल्या वायरी. गाडीत कधीकाळी सीएनजी किट होतं, विकण्याआधी काढून घेतलेलं. आरसी बुकात इंधन फक्त पेट्रोल, म्हणजे किटची नोंदच नाही. सीएनजी वाईट नाही, कंपनीतून आलेल्या सीएनजी गाड्यांत त्या हिशोबानेच व्हॉल्व्ह आणि ते जिथे टेकतात त्या सीट बसवलेल्या असतात. पण हा गॅस कोरडा जळतो, पेट्रोलसारखा व्हॉल्व्हला गारवा देत नाही. बाहेरून किट बसवलं आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, वेळच्या वेळी तपासले नाहीत, तर सीट झिजून व्हॉल्व्ह नीट टेकेनासा होतो आणि हळूहळू जळतो. ‘दवाखान्यापुरती’ फिरणाऱ्या डॉक्टरांच्या गाडीला बेनोंद किट कशाला लागलं असतं, हा प्रश्न मी दुकानात विचारला. उत्तर मिळालं नाही.

दाखवताना काय काय केलं होतं याचा नंतर उलगडा झाला. आम्ही पोचायच्या आत गाडी गरम करून ठेवलेली होती. एसी चालू, "ऊन किती पडलंय बघा." एसी लावला की कॉम्प्युटर आयडलिंग वाढवतो आणि वाढलेल्या फेऱ्यांत लंगड लपते. गाणी चालू. चक्कर मारताना मोकळा रस्ता धरला, गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरला पळती ठेवली. गळका व्हॉल्व्ह आयडलिंगला जास्त उघडा पडतो, वेगात पिस्टन इतक्या भराभर फिरतो की गळायला वेळ कमी मिळतो. आत 20डब्ल्यू-50 चं जाड ऑइल भरलं होतं. या इंजिनाला पातळ ऑइल लागतं, पण जाड ऑइलने टकटक दबते. आणि जी काही थरथर उरली तिच्यासाठी ते तीन सिलिंडरचं वाक्य तयार होतंच.

म्हणून जुनी लहान गाडी बघायला जाणार असाल तर सकाळी दुकान उघडायच्या वेळेला, न सांगता जा आणि पहिल्यांदा बॉनेटला हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. किल्ली फिरवल्यावर, स्टार्ट करायच्या आधी, इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो का बघा. पेटलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. एसी आणि गाणी बंद ठेवून पाचेक मिनिटं नुसती उभी चालू ठेवा. सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरा, वाफ एकसारखी यायला हवी, मध्ये मध्ये गॅप पडत असेल तर थांबा. डिकीची चटई उचला. शेजारी त्याच मॉडेलची कुणाची चांगली गाडी असेल तर ती आधी चालू करून हात ठेवून बघा, मग फरक सांगायला कुणी लागत नाही. आणि कंप्रेशन गेज व स्कॅनर लावू द्यायला विक्रेता तयार नसेल तर इसार देऊ नका, भाव कितीही उतरवला तरी.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याचा सूर पार बदललेला. "मॅडम, बघून घेतली ना गाडी तुमी? कागदावर सही हाय तुमची." मिस्त्रींनी हेडचं काम, व्हॉल्व्ह, सीट, गॅस्केट धरून 22 हजारांचा अंदाज दिला होता. त्यातले पाच देतो म्हणाला, तेही लिहून न देता. आम्ही नकार दिला.

वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 प्रमाणे माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून लपवणं ही फसवणूकच ठरते, आणि ‘आहे त्या स्थितीत’ अशी ओळ लिहून घेतली म्हणून लपवाछपवी माफ होत नाही, हा आपला मुद्दा. दुसरं, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद सरकारी पोर्टलवर व्हावी लागते. या दुकानाकडे ते अधिकारपत्र नव्हतं. दुकानात पाय ठेवताच हा कागद दाखवा म्हणा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते. ज्यांच्या बाबतीत असं काही घडलं असेल त्यांनी दुरुस्तीची घाई करू नये. हेड उतरवण्याआधी कंप्रेशनच्या काट्याचे आणि स्कॅनरच्या पडद्याचे फोटो काढा, मीटरचा आकडा त्यात दिसू द्या. मिस्त्रींकडून काय सापडलं ते तारखेसह, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. जुना व्हॉल्व्ह भंगारात जाऊ देऊ नका, नाव लिहून पिशवीत बांधून ठेवा. विक्रेत्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि त्याने टाकलेली जाहिरात पुसू नका. आमच्या तक्रारीला ‘इंजिन ए-वन, एक रुपयाचं काम नाही’ ही त्याचीच ओळ जोडलेली आहे.