डेबियनवर फेचमेल: एक पावसाळा वापरल्यावर

फोंड्यात आमचं हिशेबाचं ऑफिस आहे. जून लागला की वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे होतात, आणि महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरण) तर भरायचंच असतं. गिऱ्हाइकांची बिलं मेलनं येतात. म्हणून डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) वर फेचमेल हा प्रोग्राम बसवला: मेल-सर्व्हरवरून टपाल ओढून पोस्टफिक्सकडे (मशीनवरच टपाल पोचवणारा प्रोग्राम) द्यायचं आणि आपल्याच डिस्कवर ठेवायचं. चवथ होऊन गेली, अजून तेच चालू आहे आणि मी समाधानी आहे. नेट नसतानाही जुनं बिल लगेच सापडतं. आमच्यासारख्या ऑफिसला याहून मोठी सोय नाही.

खरा वेळ गेला तो मशीनच्या नावापायी. संगणक जुना घेतलेला, आधीच्या मालकानं ठेवलेलं नाव 'होस्टनेमसीटीएल'नं बदललं. ती कमांड नाव बदलते, पण 'ईटीसी'मधल्या 'होस्ट्स' फाइलला (मशीनची नावं आणि पत्ते यांची यादी) हात लावत नाही. तिथं १२७.०.१.१ समोर जुनंच नाव राहिलं. मग सुडो (प्रशासकाच्या हक्कानं कमांड चालवणारा प्रोग्राम) दर वेळी कुरकुर करू लागलं आणि फेचमेल लॉगमध्ये लिहू लागलं की स्वतःचं मशीनच यादीत सापडत नाही. बिघाड टपालात दिसतो, म्हणून माणूस पासवर्ड आणि मेल-सर्व्हरचं ९९३ पोर्ट तपासत बसतो. आधी 'होस्टनेम -एफ' चालवा. पूर्ण नाव आलं नाही तर त्या ओळीत आधी पूर्ण नाव, मग आखूड नाव लिहा. घरगुती जाळ्यासाठी 'होम.आर्पा' हा शेवट २०१८ पासून अधिकृतपणे राखीव आहे. मी तोच घेतला. पोस्टफिक्सचं 'मायहोस्टनेम' आणि 'मेलनेम' फाइल वेगळी बदलावी लागते, तीही आपोआप बदलत नाहीत.

फेचमेलच्या सेटिंगच्या फाइलला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या, ती सगळ्यांना वाचता येत असेल तर फेचमेल सुरूच होत नाही. आणि त्याच फाइलमध्ये 'कीप' लिहायला विसरू नका! ते नसेल तर उतरवलेलं टपाल सर्व्हरवरून पुसलं जातं. गिऱ्हाइकाच्या कागदांशी असा खेळ नको. काही अडलं तर 'फेचमेल -व्ही' (इंग्रजी लहान व्ही) सर्व्हरशी झालेलं सगळं बोलणं दाखवतं. इतकं स्पष्ट बोलणारा प्रोग्राम मी क्वचितच पाहिला.

उणीव एकच, पण मोठी: ही ६.४ आवृत्ती ओऑथ (पासवर्ड न देता लॉग-इन करण्याची पद्धत) जाणत नाही. जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तुमची मेलसेवा तसा पासवर्ड देत नसेल, तर फेचमेल बसवण्यापूर्वी दुसरा प्रोग्राम बघा.